‘रन’चं जर्मन करताना

इंग्रजीत नाक रन होतं, नदी रन होते, बस रन होते, धुताना कपड्याचा रंग रन होतो आणि निवडणुकीला उभा राहणारा माणूसही रनच करतो. ताप आला की तो रन होतो. टबात पाणी सोडायचं तर तेही रन करायचं. कंपनी चालवायची तर ती रन करायची, आणि लाल सिग्नल तोडलात तर तोही तुम्ही रन केलेला असतो. आपल्याला शाळेत मात्र एवढंच सांगितलेलं असतं की रन म्हणजे पळणे. रन, रॅन, रन. तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखं, पाठ करा.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं. त्याने मोजलेले अर्थ भरले ६४५. त्याआधी सगळ्यात जास्त अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. १९८९च्या आवृत्तीत त्याचे सुमारे ४३० अर्थ होते. ‘रन’ने त्याला मागे टाकलं.

हे सगळं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यात आमची टीम पत्रा कापणाऱ्या आणि वाकवणाऱ्या मोठ्या प्रेस मशीनच्या स्क्रीन बनवते. मशीन जर्मनीत तयार होतात. ऑपरेटर ज्या टचस्क्रीनवर बोट ठेवतो, त्या स्क्रीनमागचा कोड आम्ही लिहितो. स्क्रीनवरचा मजकूर आधी इंग्रजीत लिहिला जातो आणि मग त्याचं जर्मन होतं. मी हौसेने बी-वनपर्यंत जर्मन शिकले होते, म्हणून पहिला खर्डा माझ्याकडे आला. तो तपासायला स्टुटगार्टजवळच्या ऑफिसात एक बाई होत्या. त्यांचा हुद्दा ‘टेक्निशे रेडाक्टोरिन’, म्हणजे मशीनची माहितीपुस्तकं लिहिणारी आणि तपासणारी व्यक्ती. वीस-पंचवीस वर्षं त्या तेच काम करत होत्या.

माझ्याकडे एक एक्सेल शीट आली. चार रकाने: की, इंग्रजी, जर्मन, टिप्पणी. टिप्पणीचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. मी फिल्टर लावला तर ‘रन’ हा शब्द असलेल्या त्रेचाळीस ओळी निघाल्या. मॅनेजर म्हणाले, “तीन अक्षरांचा शब्द आहे, जेवायच्या आत होऊन जाईल.”

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात हे काम हाताने कशाला करायचं? ट्रान्सलेशनचं टूल आहे की. टूल होतंच. पूर्ण वाक्य दिलं तर ते छान काम करायचं. पण बटणावर वाक्य नसतं, एकटा शब्द असतो. ‘रन’ असा सुटा शब्द दिला की ते कधी ‘लाउफन’ म्हणायचं, कधी ‘आउसफ्यूरन’. दोन्ही शब्द बरोबर आहेत आणि दोन्ही चुकीच्या जागी बसू शकतात. शब्द कुठे आहे, कोणासमोर आहे, त्या क्षणी मशीन काय करतंय, हे शीटमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग त्या बिचाऱ्या टूलला तरी ते कुठून कळणार?

त्यामुळे एकेक ओळ घेऊन बसले. प्रोग्रॅम रन करा, म्हणजे ‘आउसफ्यूरन’. विंडोजच्या जर्मन आवृत्तीत ‘रन’च्या चौकटीवरही हाच शब्द आहे. प्रोग्रॅम रन होतोय, म्हणजे ‘लॉइफ्ट’, हे ‘लाउफन’चं तृतीय पुरुषी रूप. संरक्षक झडप लावल्याशिवाय मशीन रन करू नका, इथे ‘बेट्राइबन’, म्हणजे यंत्र कामात ठेवणं, वापरणं. ड्राय रन म्हणजे ‘प्रोबेलाउफ’, चाचणीची फेरी. रन अवर्स म्हणजे ‘बेट्रीब्सश्टुंडन’, मशीनने कामात घालवलेले तास. केबल फ्रेमच्या कडेने रन करा, इथे मात्र पळण्याचा किंवा चालण्याचा काही संबंधच नाही. जर्मन म्हणतो ‘फरलेगन’, अंथरणं. आपणही केबल ‘टाकतो’ किंवा ‘ओढतो’, पळवत नाही. पंप कोरडा रन होऊ देऊ नका, तर ‘ट्रोकनलाउफन’. शंभर नगांची एक रन, तर ‘झेरी’.

मशीनबाहेर पडलं की पसारा आणखी वाढतो. नदी वाहते तेव्हा ‘फ्लीसन’. बस ठरलेल्या मार्गावर धावते तेव्हा ‘फारन’, आणि वेळापत्रकाच्या भाषेत ‘फरकेअरन’. निवडणूक लढवणं म्हणजे ‘कांडिडीरन’. कंपनी चालवणं म्हणजे ‘लायटन’ किंवा ‘फ्यूरन’. रंग जाणं म्हणजे ‘आबफेअरबन’. ताप असतो तेव्हा जर्मन माणसाला नुसता ताप ‘असतो’. इंग्रजीने एका खुंटीला टांगलेले सगळे कपडे जर्मन वेगवेगळ्या कपाटांत घड्या घालून ठेवते.

सुरुवातीला मी ही कपाटं पाठ करत होते. इंग्रजी अर्थ क्रमांक एक, त्याला जर्मन शब्द अमुक. अर्थ क्रमांक दोन, शब्द तमुक. जर्मनच्या क्लासमध्येही आम्ही असंच शिकलो होतो. पुण्यातल्या वर्गात शिकवणारी मराठी, शिकणारे बहुतेक मराठी, आणि मध्ये पूल इंग्रजीचा. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला जर्मन. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हायव्हात उत्तर येत असूनही तोंडातून बाहेर पडायचं नाही, अशातली. त्यामुळे इंग्रजीच्या पुलावरून नीट चालता येणं हीच माझ्यासाठी मोठी कमाई होती. तो सोडून दुसरी वाट असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

ती वाट दाखवली ‘लाउफन’ने. या शब्दाचा शब्दकोशातला पहिला अर्थ पळणे, धावणे. पण जर्मनीत मूल पहिली पावलं टाकायला लागतं तेव्हाही ‘लाउफन’च म्हणतात. बाळ आता ‘लाउफन’ करू शकतं, म्हणजे बाळ चालायला लागलं. आमचं तिथलं ऑफिस ज्या श्वाबेन भागात आहे, तिथे तर ‘लाउफन’ म्हणजे सरळ चालणंच. कामासाठी तिकडे गेले होते तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, बसने जायचं की ‘लाउफन’? मी पायातल्या बुटांकडे पाहिलं. तो निवांत चालायला लागला. तिथे पळण्याला ‘श्प्रिंगन’ म्हणतात, आणि ‘श्प्रिंगन’ म्हणजे बाकीच्या जर्मनीत उडी मारणं. प्रत्येक गावाचं आपलं वेगळं.

त्या दिवशी रस्त्याने जाताना डोक्यात दिवा पेटला. ‘लाउफन’ म्हणजे आपलं ‘चालणं’! घड्याळ चालतं, जर्मनमध्ये घड्याळ ‘लाउफन’ करतं. सिनेमा थिएटरला चालू आहे, तिथेही ‘लाउफन’. मोटर चालते, प्रोग्रॅम चालतो, केस कोर्टात चालते, सगळीकडे ‘लाउफन’. कसं चाललंय, असं विचारायचं तर ‘वी लॉइफ्ट्स?’ शब्दाला शब्द तेच. २०१४ साली जर्मनीत वर्षातला तरुणाईचा शब्द म्हणून ‘लॉइफ्ट बाय डीअर’ निवडला गेला. त्याचं इंग्रजी करायला दोन ओळी लागतात. मराठीत नुसतं म्हणायचं: भारी चाललंय तुझं! खऱ्या कौतुकानेही म्हणता येतं आणि खवचटपणेही. जर्मनमध्येही तसंच.

इंग्रजी आणि जर्मन सख्ख्या चुलत बहिणी आहेत, मराठी लांबची नातेवाईक. तरी या एका घरात मला मागच्या दाराने आधी प्रवेश मिळाला. एवढी वर्षं मी तो दरवाजा वापरला नव्हता, कारण तो आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं.

अर्थात हा दरवाजा सगळीकडे उघडत नाही. आपलं नाक वाहतं, जर्मनचं नाक ‘लाउफन’ करतं. दहा रुपयांचं नाणं दुकानात चालत नाही तेव्हा जर्मन म्हणेल की ते ‘गेल्टन’ नाही, म्हणजे ग्राह्य नाही. आपलं लाडकं ‘चालेल’ हे तिकडे ‘दास गेट’, म्हणजे ‘जातं’. आणि ‘लाउफन’ला पुढे एखादा उपसर्ग लागला की ते कुठल्या कुठे पोचतं. ‘आबलाउफन’ म्हणजे मुदत संपणं, व्हिसाची संपते तशी. स्वतःला ‘फरलाउफन’ केलं म्हणजे रस्ता चुकलो. तेव्हा मराठी हा काही जादूचा मंत्र नाही. पण तिने मला शब्द दिला नाही तिथेही एक सवय दिली. ती सवय या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

ती सवय म्हणजे एक अक्षर, ‘व’. चालणे, चालवणे. पळणे, पळवणे. बसणे, बसवणे. मराठी बोलणाऱ्या चार वर्षांच्या पोराला व्याकरण माहीत नसतं, पण गाडी ‘चालते’ आणि बाबा गाडी ‘चालवतात’ यात ते कधी गोंधळत नाही. एखादी गोष्ट आपसूक होतेय की कुणीतरी ती करवतंय, हे क्रियापदातच सांगावं लागतं. इंग्रजीच्या ‘रन’ला ही अट नाही. मशीन रन होतं तेही रन आणि मी मशीन रन करते तेही रन.

पूर्वी इंग्रजीतही अशा जोड्या होत्या, आणि काही अजून आहेत. ‘फॉल’ म्हणजे पडणं आणि झाड ‘फेल’ करणं म्हणजे पाडणं. जर्मनमध्ये ‘फालन’ आणि ‘फेलन’. मराठीत पडणे आणि पाडणे. तिन्ही भाषांत आतला स्वर बदलला की पडणाऱ्याचा पाडणारा होतो. ‘सिट’ म्हणजे बसणं आणि ‘सेट’ म्हणजे मुळात बसवणं. आधी अर्थांच्या यादीत पहिला असलेला तो ‘सेट’ म्हणजे ‘बसवणे’च होता तर! जर्मनमध्ये ‘झिट्सन’ आणि ‘झेट्सन’.

मग ‘रन’चं काय? इथे मला खरी मजा वाटली. आजचं ‘रन’ हे एका शब्दापासून आलेलं नाही. जुन्या इंग्रजीत दोन जवळचे शब्द होते. एकाचा अर्थ स्वतः पळणं, वाहणं, आणि दुसरा त्याच मुळापासून बनलेला प्रयोजक, म्हणजे पळवणं या जातीचा. काळाच्या ओघात दोन्ही एकमेकांत मिसळले आणि एकच ‘रन’ उरला. जर्मनमध्ये ते दोन वेगळे राहिले. ‘रिनन’ म्हणजे वाहणं, गळणं. ‘रेनन’ म्हणजे जोरात पळणं, आणि तो मुळात ‘रिनन’चा प्रयोजक, ‘वाहायला लावणं’. आज जर्मन माणसालाही हे नातं जाणवत नाही, पण शब्द दोन आहेत. इंग्रजीत पळणारा आणि पळवणारा एकाच नावाने राहायला लागले. ६४५ अर्थांच्या गर्दीमागचं हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं. हा शब्द करणाऱ्याला कधी ओळखपत्र विचारत नाही, त्यामुळे कुणीही आत येतं.

कॉलेजकट्ट्यावर ही सगळी माहिती सांगून भाव खाता आला असता. पण माझ्या शीटमधल्या त्रेचाळीस ओळींपैकी सतरावी ओळ तशी नव्हती. तिथे नुसतं ‘रन’ लिहिलं होतं. ही एकच ओळ कोडमध्ये दोन ठिकाणी वापरली होती. एका ठिकाणी ते बटण होतं: दाबलं की प्रेसचा ठोका सुरू. दुसऱ्या ठिकाणी तो वरच्या पट्टीतला दर्शक होता: मशीन सध्या चालू स्थितीत आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रन’ खपून जात होतं. एक आज्ञा, एक बातमी, शब्द तोच.

जर्मनमध्ये असं करता येत नाही. बटणावर ‘श्टार्टन’ लिहावं लागेल, पट्टीत ‘लॉइफ्ट’ किंवा ‘इन बेट्रीब’. म्हणजे एका कीच्या दोन की कराव्या लागणार. त्याचा अर्थ कोड बदलणं, पुन्हा टेस्टिंग, आणि ज्या इतर सहा भाषांत ही शीट जाणार होती त्या सगळ्यांत एक ओळ वाढणं. मॅनेजर म्हणाले, “दोन्हीकडे चालेल असा एक जर्मन शब्द बघ ना.” ते वाईट माणूस नाहीत. त्यांना तारीख गाठायची होती.

मी शब्द शोधला नाही. मला तो शोधायचाच नव्हता. का, ते सांगण्यासाठी भोसरीत जावं लागेल.

माझे पप्पा भोसरी एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम करायचे. गाड्यांचे छोटे पार्ट. पत्र्याची पट्टी डायवर ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोका पडतो, वॉशर तयार. दिवसाला काही हजार वेळा. मी सातवीत असताना त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पेरापासून गेली. डायमध्ये तुकडा अडकला होता, तो काढायला त्यांनी हात घातला आणि ठोका पडला. कंपनीने जो कागद केला त्याची झेरॉक्स आमच्या घरी लोखंडी कपाटात आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘डाय साफ करीत असताना मशीन अचानक चालू झाले व कामगाराच्या बोटास इजा झाली.’

मशीन चालू झाले. मी हे वाक्य लहानपणापासून इतक्या वेळा वाचलंय की ते मला वाक्य वाटायचंच बंद झालं होतं. सतराव्या ओळीपाशी अडकले त्या रविवारी घरी गेले आणि पप्पांना विचारलं, “पप्पा, मशीनच्या बटणावर ‘चालू’ एवढंच लिहिलं असेल तर तुम्ही काय समजाल?”

ते म्हणाले, “चालू आहे का चालू करायचंय?”

“तेच विचारतेय.”

“मग नुसतं ‘चालू’ लिहिणाऱ्याने कधी प्रेसवर काम केलेलं नाही बघ.” मग त्यांनी मला जे सांगितलं ते एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. “अगं, प्रेस सकाळपासून चालूच असते. मोटर फिरते, फ्लायव्हील गरगर फिरत असतं. चालू असणं वेगळं आणि ठोका मारणं वेगळं. पेडल दाबलं की क्लच लागतो, तेव्हा ठोका पडतो. दोघं जण असलो की आम्ही ओरडून विचारायचो, मारू का? समोरचा म्हणणार, मार. मगच पाय ठेवायचा.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी हेल्पर नवीन होता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. साहेबाने त्याला सकाळीच आणून उभा केला होता, माल लवकर पाहिजे म्हणून.”

म्हणजे त्या कागदावरचं क्रियापदच खोटं होतं. मशीन अचानक चालू झालं नव्हतं. ते सकाळपासून चालूच होतं. ठोका मारला गेला होता, न शिकवलेल्या एका पोराच्या पायाने. आणि त्या पोराला तिथे कुणीतरी उभं केलं होतं. एका वाक्यात दोन माणसं आणि एक निर्णय असायला हवा होता. त्याजागी मशीन उभं केलं आणि ते आपोआप चालू करून टाकलं.

इथे मला मराठीचं जास्त कौतुकही करता येत नाही. ‘व’ लावायची सोय आपल्याकडे आहे, पण तो न लावायचीही आहे. जिथे करणाऱ्याचं नाव नको असतं तिथे आपण बरोबर ‘चालणे’ निवडतो. शाळा कशी चाललीय, दुकान कसं चाललंय, घर कसं चाललंय? पप्पा सात महिने कामावर नव्हते तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी फोनवर विचारलं, “घर चाललंय ना नीट?” घर चाललं नव्हतं. माझी आई ते चालवत होती, सकाळी दोन ठिकाणी पोळ्या करून आणि रात्री साड्यांना फॉल लावून. जर्मनही यात मागे नाहीत. ‘एस लॉइफ्ट’, म्हणजे ‘ते चाललंय’, असं म्हणून तेही करणाऱ्याला पडद्याआड ढकलू शकतात. करणाऱ्याला लपवायची सोय प्रत्येक भाषेत असते. फरक एवढाच की काही भाषांत लपवायचं तर तसं ठरवावं लागतं, आणि ‘रन’सारख्या शब्दात तो न ठरवताच लपतो.

सोमवारी मी स्टुटगार्टच्या त्या बाईंना मेल लिहिली. भोसरीबद्दल काही लिहिलं नाही. फक्त लिहिलं की सतराव्या ओळीत आज्ञा आणि स्थिती एकच झाली आहे, मला त्या वेगळ्या करायच्या आहेत, तुमचं मत काय? त्यांचं उत्तर अर्ध्या तासात आलं. त्यांनी बटणासाठी ‘श्टार्टन’ही नाकारलं. त्यांचं म्हणणं, काय श्टार्ट? मोटर की ठोका? प्रेसमध्ये ठोक्याला ‘हूब’ म्हणतात. बटणावर ‘हूब आउसल्योझन’ लिहा, म्हणजे ‘ठोका सोडा’. पट्टीत ‘मोटर लॉइफ्ट’ लिहा, कारण त्या क्षणी खरोखर चालू असतं ते मोटर. आणि प्रेस एकेक ठोका मारणाऱ्या मोडमध्ये आहे की सलग ठोक्यांच्या, तेही शेजारी दिसू द्या: ‘आइन्त्सेलहूब’ की ‘डाउअरहूब’.

पप्पांनी रविवारी जे सांगितलं तेच. एकाने भोसरीत तीस वर्षं पेडल दाबून शिकलेलं, दुसरीने पंचवीस वर्षं माहितीपुस्तकं लिहून. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पण चालू असणं वेगळं आणि ठोका मारणं वेगळं, यावर त्यांचं एकमत होतं. इंग्रजी येणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या शीटमध्ये मात्र ते एकच होतं.

बाईंची मेल मी मॅनेजरना पुढे पाठवली. युरोपात मशीन विकायचं तर यंत्रांच्या सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. २००६/४२ क्रमांकाचा जो निर्देश आहे, त्यात मशीनवरची लेखी माहिती आणि इशारे त्या त्या देशाच्या भाषेत हवेत असं म्हटलेलं आहे. नियमाचं नाव आलं की तारखा थोड्या सरकतात. कीच्या दोन की झाल्या. दोन आठवडे गेले. बटण रुंद करावं लागलं, कारण ‘रन’च्या जागेत ‘हूब आउसल्योझन’ काही मावत नव्हतं.

मग एक गोष्ट झाली जी कुणाच्या यादीत नव्हती. इंग्रजी स्क्रीन तपासणाऱ्या मुलाने विचारलं, आता दोन वेगळ्या की आहेतच तर इंग्रजीतही दोन्हीकडे ‘रन’ कशाला ठेवायचं? त्याने मूळ इंग्रजी बदललं. बटणावर ‘स्टार्ट स्ट्रोक’, पट्टीत ‘मोटर रनिंग’. भाषांतराने मूळ मजकूर दुरुस्त केला.

या मशीनला अर्थात नुसत्या शब्दांचा आधार नाही. ठोका सोडायला दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणजे हात डायमध्ये असूच शकत नाही. समोर प्रकाशाचा पडदा असतो, त्यात काही आडवं आलं की मशीन थांबतं. आणि शेजारी पिवळ्या पाटीवर लाल गोल बटण. त्यावर रोमन लिपीत जर्मन शब्द असतो ‘नोट-हाल्ट’, आणीबाणीत थांबवा. आपल्याकडचा माणूस तो पहिल्यांदा इंग्रजी समजून ‘नॉट हॉल्ट’ वाचतो, थांबवू नका! आमच्या टीममध्ये प्रत्येक नवीन मुलाला आम्ही हे वाचायला लावतो आणि हसतो. मग त्याला सांगतो की हे नीट लक्षात ठेव.

पप्पांच्या प्रेसला यातलं काही नव्हतं. तिथे दोन माणसांमधला तो ओरडून विचारलेला प्रश्न, एवढीच सुरक्षा होती. ‘मारू का?’ या दोन शब्दांत सगळं आहे बघा. कोण करणार, ते ‘मारू’मध्ये. काय करणार, तेही त्यातच. आणि ‘का’ म्हणजे तुझ्या होकारासाठी मी थांबलोय. ६४५ अर्थांच्या शब्दात जे मावलं नाही ते एवढ्यात मावतं.

त्या शीटमध्ये टिप्पणीचा रकाना आता कोरा नसतो. नवीन ओळ टाकली की आमच्या टीममध्ये शेजारी दोन गोष्टी लिहायच्या असं ठरलंय: हे कोण करणार, आणि कशावर. शब्द जर्मनमध्ये जावा, पोलिशमध्ये जावा की आणखी कुठल्या भाषेत, तिथल्या माणसाला एवढं कळलं की पुढचं तो बघून घेतो. मराठीत अजून आमची स्क्रीन येत नाही. चाकणच्या कारखान्यांतही ती इंग्रजीतच लागते. मी बटणांचं मराठी करून ठेवलंय, कुणी मागितलेलं नसताना. पप्पांनी ते तपासलं. ‘ठोका सोडा’ त्यांना पटलं नाही, पुस्तकी वाटलं. त्यांनी खोडून लिहिलं, ‘ठोका मारा’. अर्ध्या बोटाने त्यांना पेन धरायला थोडा वेळ लागतो.

पट्टीसाठी मी ‘मशीन चालू आहे’ लिहिलं होतं. त्यातलं ‘मशीन’ त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं ‘मोटर’.